नांवाचा वारस आणि कल्पनेचा वारस

१९५६ सालीं इजिप्तनें सुएझचा कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. त्यांतून उद्भवलेल्या युद्धानें कालव्याची वाहतूक बंद पडली आणि इंग्लंडांत पेट्रोलवर रेशनिंग आलें. पुढें 'मिनी' या नांवानें प्रसिद्ध झालेली मोटार या टंचाईचें अपत्य होय. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनीं तिचें काम अलेक इसिगोनिस या एंजिनिअराकडे सोंपविलें व १९५९ च्या ऑगस्टांत ती बाजारांत आली.

तिची लांबी अवघी १० फूट. तरीहि तींत चार माणसें बसत. हें साधलें कसें? इसिगोनिस यांनीं ८४८ घनसेंटिमीटरांचें एंजिन लांबीच्या दिशेनें न ठेवतां आडवें ठेवलें, गिअरपेटी त्याच्याच खालीं तेलाच्या कुंडांत बसविली, गति पुढच्या चाकांना दिली आणि चाकें १० इंचांचीं केलीं. पाहुणे आले म्हणजे सामान कोपऱ्यांत सारून माणसांना जागा करून देणाऱ्या गृहिणीचेंच हें शहाणपण!

२००० च्या ऑक्टोबरांत ही गाडी बंद झाली. तोंवर ५३ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. पुढच्याच वर्षीं बी.एम.डब्ल्यू. या जर्मन कंपनीनें त्याच नांवाची नवी गाडी ऑक्सफर्डहून काढली. तिची लांबी जवळजवळ १२ फूट आणि वजन १,००० किलोंच्या वर. जुनीचें वजन ६०० किलोंच्या आसपास होतें.

जुन्या गाडीचे भक्त या वाढीला चैन म्हणतात. हें अर्धेंच सत्य आहे. आघात सोसून स्वतः चेपला जाणारा पुढचा भाग, हवेच्या पिशव्या, मजबूत दारें यांना जागा आणि वजन दोन्ही लागतात. टंचाईच्या काळीं पेट्रोल वांचविणें हा धर्म होता; पुढें जीव वांचविणें हाहि धर्म ठरला. परंतु सगळीच वाढ या खात्यावर मांडतां येत नाहीं. गाडी दोन फुटांनीं लांबली, तरी मागची बैठक अडचणीचीच राहिली. म्हणजे कमी जागेंत अधिक माणसें, हा मूळ संकल्पच नव्या गाडींत मागें पडला.

तो संकल्प टिकला तो अन्यत्र. १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुला या गाडींत इटलीच्या दांते जिआकोसा यांनीं गिअरपेटी आडव्या एंजिनाच्या खालून काढून शेजारीं बसविली. आज जगांतील बहुतेक लहान गाड्यांची मांडणी हीच आहे. १९८३ सालीं गुरगांवच्या कारखान्यांतून निघालेली मारुति ८०० हीहि आडव्या एंजिनाची व पुढच्या चाकांना गति देणारी होती, आणि आपल्याकडील कितीएक कुटुंबांची ती पहिली चारचाकी ठरली. नांवाची खरेदी-विक्री होते. कल्पना मात्र जो तिचा उपयोग करील त्याच्या घरीं नांदते. इसिगोनिस यांचा खरा वारस याच दुसऱ्या घरीं शोधला पाहिजे.