भाताच्या बांधावरची शाळा

शहरांतील श्रोत्यांचा भाताशीं संबंध बहुधा ताटापुरताच येतो. त्यामुळें जावा बेटांतील ही हकीकत त्यांच्या कानीं क्वचितच गेली असेल. १९८४ सालीं इंडोनेशिया तांदळाच्या बाबतींत स्वयंपूर्ण झाला, आणि दोनच वर्षांत तेथील भातावर तपकिरी तुडतुड्यांची धाड आली. औषध जितकें अधिक फवारावें, तितका कीटक अधिक माजे!

याचें कारण शेतांतच सांपडलें. तुडतुडा आपलीं अंडीं रोपाच्या पर्णकोषांत रुतवून घालतो. फवारा तेथवर पोंचत नाहीं. परंतु त्याला खाणारे कोळी उघड्यावर हिंडत असल्यामुळें तेच आधीं मरतात, आणि मागाहून निघणाऱ्या पिलांस रान मोकळें मिळतें. शेतकऱ्यास तरी दोष कसा द्यावा? या विषाच्या किंमतीपैकीं सुमारें ऐशीं टक्के भार सरकारच उचलीत असे.

नोव्हेंबर १९८६ मध्यें राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनीं ५७ कीटकनाशकें भातावर वापरण्यास बंदी केली. पुढें १९८९ पर्यंत सवलतहि गेली. पण हुकुमानें हात थांबला, तरी नजर तयार होत नाहीं. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्यानें शेतीशाळा निघाल्या. महाराष्ट्रांतहि असे वर्ग पुढें याच नांवानें चालू लागले.

पंचवीसएक शेतकरी, आठवड्यांतून एक सकाळ, लावणीपासून कापणीपर्यंत. प्रथम चिखलांत उतरून किडे व कोळी मोजावयाचे. मग सावलींत बसून मोठ्या कागदावर शेताचें चित्र काढावयाचें, आणि फवारावें कीं नाहीं हें आपसांत वाद घालून ठरवावयाचें. "हा किडा कोणता?" असें कोणी विचारलें, तर शिक्षक नांव सांगत नसे, "तो कोठें दिसला? काय करीत होता?" असें उलट विचारी. १९९९ पर्यंत सुमारें दहा लाख शेतकरी या शाळांतून गेले.

अशा शाळांतील एक प्रयोग मोठा बोलका आहे. पंपांत विषाऐवजीं रंगीत पाणी भरावयाचें, अंगांत पांढरे कपडे घालावयाचे आणि नेहमींप्रमाणें फवारणी करावयाची. परत आल्यावर छाती, मांड्या, पाठ कोठें कोठें रंगली, हें सर्वांनीं पाहावयाचें.

२०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशींत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. फवारा त्यांच्या तोंडावरच येत होता. आणि बहुतेकांजवळ पुरेशीं संरक्षक साधनें नव्हतीं.