महाडच्या पेठेतली हॉटेलं

22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. मागे राहिला तो चिखल. आता त्याच पेठेत नवी हॉटेलं दिसतात. संध्याकाळी गिऱ्हाईक येतं, शेजारच्या दुकानांनाही त्याचा हातभार लागतो.

शंभर वर्षांपूर्वी दलितांना हॉटेलात बसता येत नसे, चहा मिळाला तर बाहेर आणि वेगळ्या कपात. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांवर याच गावात हल्ला झाला, तेव्हा अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेच्या मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. आपल्याच घरांत हे नाव किती जणांना ठाऊक आहे?