ऑनलाइन कॉमिक्स आणि मानसिक आरोग्य : जे बोलता येत नाही ते दाखवता येते

मनाच्या त्रासाबद्दल आपल्या घरात, वस्तीत आणि चळवळीतही बोलणे अवघड जाते. मोर्चासाठी रात्री दोन वाजता हाक मारली तरी धावून येणारा कार्यकर्ता ‘झोप लागत नाही, काहीच करावेसे वाटत नाही’ हे सांगायला मात्र कचरतो. लढणाऱ्याने खचायचे नसते, असा आपण स्वतःच करून घेतलेला एक अलिखित नियम आहे. अशा वेळी मोबाइलवर वाचायच्या चित्रकथा, म्हणजेच ऑनलाइन कॉमिक्स, किती उपयोगी पडतात आणि त्यांची मर्यादा कुठे येते, ते आम्ही येथे मांडत आहोत.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. अमेरिकेतील ॲली ब्रॉश ‘हायपरबोल अँड अ हाफ’ ही चित्रमालिका इंटरनेटवर प्रसिद्ध करत असत. चित्रे मुद्दाम ओबडधोबड, शाळकरी पोराने संगणकावर काढावीत तशी. 2011 मध्ये त्यांनी स्वतःच्या नैराश्यावर पहिला भाग काढला. त्यानंतर मोठा खंड पडला आणि मे 2013 मध्ये दुसरा भाग आला. त्यात एक प्रसंग आहे. एकीचे मासे मेले आहेत आणि ती तसे स्पष्ट सांगते आहे. समोरचे लोक मात्र मासे शोधायला मदत करू म्हणतात, सापडतील म्हणून धीर देतात. मासे हरवलेले नाहीत, मेलेले आहेत, हे कोणी ऐकूनच घेत नाही. नैराश्यात माणसाला नुसते दुःख होते असे नाही, काही वाटणेच बंद होते. त्याला ‘जरा बाहेर फिरून ये’ असे सांगणे म्हणजे मेलेले मासे शोधत बसणे. हे व्याख्यानातून समजावणे कठीण आहे. चार चौकटींत ते समजते. ज्याला त्रास आहे त्याला ‘हे माझेच आहे’ असे वाटते, आणि ज्याला नाही त्याला काय बोलू नये ते कळते.

हे कॉमिकमध्येच का जमते? स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ या पुस्तकात सांगितले आहे की चेहरा जितका साध्या रेषेत काढलेला, तितका वाचक त्यात स्वतःला पाहू शकतो. दुसरे कारण व्यवहारातले. मन थकलेले असताना लांब लेख वाचवत नाही, पण एक चौकट वाचता येते, तिथे हवे तेवढे थांबता येते. आणि तिसरे कारण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे. ‘मला त्रास होतोय’ हे वाक्य लिहायला ज्याचा हात धजत नाही, तो एखादे कॉमिक मित्राला पाठवू शकतो, खाली फक्त ‘असंच’ एवढे लिहून. मदत मागण्याची ती पहिली पायरी असते, म्हणून आलेल्या अशा कॉमिकवर नुसता अंगठा दाखवून मोकळे होऊ नये.

वैद्यकीय क्षेत्रानेही याची दखल घेतली आहे. ब्रिटिश डॉक्टर आणि चित्रकार इयन विल्यम्स यांनी 2007 मध्ये अशा कामाला ‘ग्राफिक मेडिसिन’ हे नाव दिले. दक्षिण कोरियात परिचारिका राहिलेल्या ली रा-हा यांनी मनोरुग्ण विभागावर वेबटून काढले. त्यावरची मालिका 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आली.

पण आपल्या तरुणांचा प्रश्न येथे संपत नाही. चिंता आणि नैराश्यावरची बहुतेक लोकप्रिय कॉमिक्स परीक्षा, ऑफिस, प्रेमभंग यांबद्दल बोलतात. वसतिगृहात पहिल्याच दिवशी आडनाव विचारले जाते, मग रँक विचारली जाते, आणि उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो. तो क्षण त्या चौकटींत क्वचितच दिसतो. संयुत्त निकायातील सल्लत्थ सुत्तात दोन बाणांची उपमा आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या शोकाचा. दुसरा बाण काढायला ध्यान, मैत्री, समुपदेशन उपयोगी आहेत. जातीच्या अपमानात मात्र पहिला बाण मारणारा कोणीतरी समोर उभा असतो. त्याच्याकडे डोळेझाक करून ‘तू मन शांत ठेव’ एवढेच सांगणारे कॉमिक, कितीही गोड असले तरी, आपल्या मुलांना अपुरे पडते.

याचे उत्तर कसे असू शकते, हे एका छापील पुस्तकात दिसते. 2011 चे ‘भीमायन’ दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी चितारले आहे. बाबासाहेबांना पाणी, गाडी, निवारा नाकारला गेल्याचे प्रसंग त्यात आहेत. मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, तर विषारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी. शब्द डसतो, हे तिथे डोळ्यांनी दिसते. मोबाइलवर चित्रे काढणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही युक्ती जरूर अभ्यासावी.

धोकेही आहेत. स्वतःला निकम्मे म्हणणारे विनोद एकामागून एक वाचले तर हलके वाटण्याऐवजी तेच खरे वाटू लागते, आणि स्क्रीनवर पुढचे चित्र संपतच नाही. दोन कॉमिक वाचून स्वतःच आजाराचे निदान करू नये. चित्र काढणाऱ्यांनी आत्महत्येची पद्धत कधीही दाखवू नये.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर तरुण थांबतातच. तेव्हा महिन्यातून एकदा एखादे कॉमिक मिळून वाचावे. कोणावरही बोलण्याची सक्ती नको, आणि तिथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही हे आधीच ठरवावे. जयंतीच्या वर्गणीतून एखाद्या चित्र काढणाऱ्या मुलीला टॅबलेट घेऊन देता आला तर डीजेचा एक तास कमी झाला म्हणून काही बिघडत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातले लक्ष उडाले असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. सोबत एक जण जावा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर तेवढे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. कॉमिक पाठवणाऱ्या मित्राला उत्तर देताना हा क्रमांक तर पाठवावाच, पण आधी त्याला फोन करावा.