दोष कुणाचा? व्हेरिकोसीलची दोन हजार वर्षे

सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत अनेक तरुण एक शब्द पहिल्यांदा ऐकतात: व्हेरिकोसील. वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगून त्यांचा गुंता होणे, असा त्याचा अर्थ. या विकाराचा इतिहास फार जुना आहे.

पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने नोंदवले, की अशा शिरांखालचे वृषण पोषणाअभावी लहान होते. १९१८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या इव्हानिसेव्हिच यांनी ही शीर वरच्या भागात बांधण्याची शस्त्रक्रिया मांडली. पण मूल न होण्याशी याचा संबंध डॉक्टरांनी गांभीर्याने घेतला तो १९५२ नंतर. त्या वर्षी एडिंबराचे शल्यचिकित्सक टुलॉक यांनी एका रुग्णाची हकीकत मांडली. त्याच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाली, शुक्राणू दिसू लागले आणि पत्नीला दिवस गेले.

कारण साधे आहे. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा थोडे कमी तापमान लागते. शिरांत रक्त साचले, की तिथली उष्णता वाढते. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून त्रास बहुधा डाव्या बाजूला होतो.

१९८८ च्या सुमारास माझ्या कंपनीतला एक हवालदार रजेचा अर्ज घेऊन आला. लग्नाला सहा वर्षे झाली होती, मूल नव्हते, आणि घरच्यांनी त्याचे दुसरे लग्न ठरवत आणले होते. टुलॉक यांचा अहवाल तेव्हा पस्तीस वर्षांहून जुना होता. तरी गावात सगळ्या तपासण्या झाल्या त्या फक्त सुनेच्या. मी त्याला आधी आमच्या डॉक्टरांकडे पाठवले. व्हेरिकोसील निघाले. दुसऱ्या लग्नाची बोलणी तिथेच थांबली.

साधारण शंभरातल्या पंधरा पुरुषांना हा विकार असतो आणि त्यातल्या अनेकांना मुले होतात. म्हणून प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही. मूल होत नसेल, वीर्यतपासणीत दोष असेल आणि शिरा हाताला लागत असतील, तर डॉक्टर ती सुचवतात. आता सूक्ष्मदर्शकाखाली, लहान छेदातून ती होते. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे फरक किमान तीन महिन्यांनी कळतो. यशाची हमी मात्र कुणी देऊ शकत नाही.

पण वीर्यतपासणी सोपी आहे. सुनेला बोल लावण्याआधी मुलाची ती एक तपासणी करून घ्या, एवढेच माझे सांगणे. जय हिंद.