एल. सी. ई. : एका पदवीचा बाजारभाव

मुलाने सिव्हिलला प्रवेश घेतला की घरात पहिला प्रश्न निघतो तो नोकरीचा. हा प्रश्न अलीकडचा आहे असे आपण धरून चालतो. पण मुंबई इलाख्यातले स्थापत्यशिक्षण मुळात नोकरीच्याच प्रश्नातून जन्माला आले. तेव्हा तो विद्यार्थ्याच्या वडिलांना नव्हे, सरकारला पडला होता, एवढाच फरक.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. रस्ते, पूल, बराकी, कालवे अशी कामे एकदम निघाली. वरचे इंजिनियर विलायतेहून येत. परंतु मोजमाप घेणारा, हजेरीपट सांभाळणारा, चुना नीट मळला आहे का हे पाहणारा माणूस दर चार-सहा मैलांना एक लागतो, आणि तो बोटीने आणणे परवडणारे नव्हते. गंगेच्या कालव्याच्या निमित्ताने रुरकीला १८४७ मध्ये अशी माणसे घडवणारी संस्था निघाली होतीच. १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. बांधकाम खात्यासाठी दुय्यम कर्मचारी तयार करणे हा त्याचा उघड सांगितलेला हेतू होता. पुढचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय ते हेच.

या 'दुय्यम' शब्दापाशी मी बरीच वर्षे अडकून आहे. १८६६ मध्ये ही शाळा मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि 'लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनियरिंग', म्हणजे एल. सी. ई., ही परीक्षा आली. आता ओव्हरसियर घडवणाऱ्या संस्थेतूनच इंजिनियरही निघणार होते. पण सरकारने त्याच सुमारास, १८७१ मध्ये, इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे हिंदुस्थानसाठी स्वतंत्र इंजिनियरिंग कॉलेज काढले. ते १९०६ पर्यंत चालले. तिथला तरुण उतरायचा तो थेट असिस्टंट इंजिनियर म्हणून. पुण्याच्या पदवीधरासाठी अशा जागा मोजक्याच राखलेल्या, त्याही परीक्षेत अगदी वर येणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनी ओव्हरसियरीपासून सुरुवात करायची. पुढे १८९०च्या दशकात खात्याचे 'इंपीरियल' आणि 'प्रॉव्हिन्शियल' असे दोन भाग झाले. पहिल्याची भरती विलायतेत, दुसऱ्याची इथे. काम तेच, पगार कमी.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची गोष्ट आपण यशोगाथा म्हणून सांगतो. ती या दोन जिन्यांच्या संदर्भात वाचली तर वेगळी दिसते. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते पुण्याला आले, १८८३ मध्ये पहिले आले, बर्कले पारितोषिक मिळवले. पहिल्या क्रमांकाला जागा राखलेली असल्यामुळे १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्यात असिस्टंट इंजिनियर झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांच्या याच नोकरीतले. कित्येक वरिष्ठांना ओलांडून ते सुपरिंटेंडिंग इंजिनियर झाले, आणि १९०८ मध्ये, पन्नाशीच्या आतच, त्यांनी निवृत्ती घेतली. चीफ इंजिनियरची खुर्ची एतद्देशीयाला मिळणार नाही हे दिसत होते, असे कारण त्यांचे चरित्रकार देतात. १९०९ मध्ये म्हैसूरने त्यांना तीच खुर्ची दिली, १९१२ मध्ये दिवाणगिरीही. पहिल्या आलेल्याची ही कथा. त्याच वर्गात दहाव्या आलेल्याचे चरित्र कोणी लिहिले नाही.

हा दहावा माणूस कुठे सापडतो? माझ्या मते दुष्काळी कामांवर. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये हजारो माणसे खडी फोडायला आणि माती वाहायला आली. सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून रोजची मजुरी उतरवली गेली : एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या दराला नकार देऊन कामे सोडली. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारला लिहीत होती. बांधकाम खात्याच्या कामावर मजुरी ठरलेल्या कामाशी बांधलेली असे, आणि काम भरले की नाही हे टेप धरून ठरवायचे ते ओव्हरसियरने. खड्डा दोन बोटे कमी भरला तर कोणाच्या तरी घासातून तेवढे कमी व्हायचे. स्थापत्याच्या नोकऱ्या दुष्काळात वाढत, हे त्या धंद्याचे कडू सत्य आहे. मुठेचा आणि नीरेचा कालवा पाहताना आपल्याला दगडकाम दिसते. त्या टेपवरचा हात दिसत नाही.

सरकार हाच एकमेव मालक असलेल्या या पदवीला दुसरी वाट सापडायला वेळ लागला. कृ. वि. वझे यांनी नोकरीबरोबर प्राचीन शिल्पग्रंथांचा अभ्यास केला. र. श्री. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांच्या स्वस्त, हवेशीर घरांवर १९३०च्या दशकात इंग्रजी पुस्तके काढली, मराठीत 'सुलभ वास्तुशास्त्र' लिहिले. इंजिनियरचे ज्ञान खात्याच्या फायलीतून सामान्य घरमालकाच्या हाती आले ते अशा पुस्तकांमुळे. १९२६ मध्ये वालचंद हिराचंद यांची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन उभी राहिली. पुण्याच्याच महाविद्यालयातून १९४३ मध्ये बाहेर पडलेल्या बा. गं. शिर्के यांनी सरकारी नोकरीऐवजी स्वतःचा बांधकाम व्यवसाय निवडला. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ मध्ये शकुंतला भगत पदवीधर झाल्या आणि पुढे पतीसह पोलादी पुलांच्या जोडणीची स्वतंत्र पद्धत विकसित केली. ज्या शिक्षणाची कल्पनाच मुळात हाताखालच्या पुरुष कर्मचाऱ्यासाठी होती, त्यातून ही वाट निघाली.

स्वातंत्र्यानंतर कोयनेसारख्या धरणांनी सरकारी जागा वाढल्या. सांगलीला १९४७ मध्ये नवे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, तेच पुढचे वालचंद महाविद्यालय. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पदवी तालुक्यापर्यंत पोहोचली. पण जागा राखून ठेवणारे कोणी उरले नाही. फी बापाने भरायची, नोकरी मुलाने शोधायची.

आज कंत्राटदाराकडे साइटवर उभा असलेला तरुण पदवीधर हजेरी घेतो, काँक्रीटचे घनठोकळे तपासणीला पाठवतो, बिलासाठी मोजमाप लिहितो. त्याच्या नेमणूकपत्रावर 'इंजिनियर' असते. कामाची यादी मात्र १८५४ मध्ये पुण्याच्या शाळेने ज्याच्यासाठी वर्ग उघडला, त्या माणसाचीच आहे. सिव्हिलला 'स्कोप' आहे का, असे कोणी विचारले की मी त्याला म्हणतो, काम कधीच कमी नव्हते. त्या कामाचा मान आणि मोबदला कोण ठरवतो, हे आधी विचारा.