इंजिनिअरिंग कुणी निवडलं? तुम्ही, बाबांनी, की १९८३ च्या सरकारने?

या आठवड्याच्या एपिसोडचा हा मजकूर. बसमध्ये हेडफोन विसरलात तरी वाचता येईल.

आज सुरुवात दोन वाक्यांनी करूया. चहाच्या टपरीवर, हॉस्टेलच्या रूमवर, फॅमिली ग्रुपवर तुम्ही ती शंभर वेळा ऐकली असतील. पहिलं वाक्य: "करिअर ही ज्याची त्याची मर्जी, त्यात सरकारचा काय संबंध?" आणि दुसरं: "एवढी पोरं शिकून घरी बसलीत, सरकार काय करतंय?"

गंमत म्हणजे बऱ्याचदा दोन्ही वाक्यं एकाच माणसाची असतात. सकाळी पहिलं, संध्याकाळी दुसरं. मग खरं कुठलं? नुसतं मत देऊन हे सुटणार नाही, म्हणून आपण एका करिअरचा इतिहास बघू. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक घरात ज्याच्यावरून एकदा तरी वाद झालाय, ते करिअर: इंजिनिअरिंग.

साहेबाला माणसं हवी होती

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी, जुलै १८५४ मध्ये, पुण्यात एक छोटी शाळा निघाली. नाव, पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल. तेव्हा मुंबई विद्यापीठसुद्धा नव्हतं, ते आलं १८५७ मध्ये. म्हणजे विद्यापीठाच्या आधी इंजिनिअरिंगचा वर्ग! एवढी घाई कशाला? कारण इंग्रज सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती बांधायच्या होत्या आणि प्रत्येक कामावर विलायतेहून माणूस आणणं परवडत नव्हतं. साहेबाच्या हाताखाली काम करणारी, मोजमाप घेणारी, नकाशा वाचणारी देशी माणसं हवी होती. तीच शाळा पुढे वाढत वाढत आपलं सीओईपी झाली.

म्हणजे या क्षेत्राचा जन्मच सरकारी बांधकाम खात्याच्या गरजेतून झाला. "मला मशीनची आवड आहे" हे वाक्य त्या काळात कुणी म्हणालं असेल तर चांगलंच, पण वर्ग त्या आवडीसाठी उघडला नव्हता.

आता या वर्गाचा सर्वात प्रसिद्ध विद्यार्थी बघा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला त्यांच्या जयंतीला आपण इंजिनिअर्स डे म्हणून स्टेटस ठेवतो. वडील लवकर गेले. बेंगळुरूला शिकवण्या घेऊन त्यांनी बी.ए. केलं. पुढे पुण्याला येऊन इंजिनिअरिंग शिकायला पैसे कुठून आणणार? म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली. १८८३ मध्ये ते एल.सी.ई. ही त्या वेळची पदवी पहिल्या नंबराने पास झाले आणि लगेच मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. नेमणूक कुठे? नाशिकला. पुढे खडकवासला धरणावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले, तेही याच नोकरीत असताना.

हुशारी त्यांची, कष्ट त्यांचे. ते कुणी नाकारत नाही. पण शिक्षणाचा खर्च एका सरकारने उचलला, कॉलेज दुसऱ्या सरकारचं आणि नोकरीही त्याच सरकारची. विश्वेश्वरय्यांच्या गोष्टीतली "मर्जी" या तीन खांबांवर उभी होती. हे तीन खांब लक्षात ठेवा: जागा, बिल आणि नोकरी. पुढची सगळी गोष्ट त्यांच्याभोवतीच फिरते.

हुशार तो आत, बाकीचे बाहेर

स्वातंत्र्यानंतर धरणं, वीज, कारखाने यांचा काळ आला. इंजिनिअर म्हणजे देश घडवणारा माणूस, अशी प्रतिमा झाली. कॉलेजं वाढली, पण बेताने. मुंबईत व्हीजेटीआय १८८७ पासून होतंच. सांगलीत १९४७ मध्ये आजचं वालचंद कॉलेज सुरू झालं. पवईत आयआयटी आली १९५८ मध्ये. कराड, औरंगाबाद आणि नागपूरची कॉलेजं १९६० ची, अमरावतीचं १९६४ चं.

फी कमी होती. शिवाय यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ईबीसी सवलत आली. आर्थिकदृष्ट्या मागास घरातल्या मुलांची फी सरकार भरायचं. तुमच्या आजोबांच्या पिढीतला खेड्यातला एखादा शिक्षक किंवा इंजिनिअर असेल तर विचारा, "ईबीसीवर शिकलो" असं तो अभिमानाने सांगेल.

मग अडचण काय होती? जागा! बिल सरकार भरत होतं, पण दरवाजा अरुंद होता. राज्यभर मोजकी कॉलेजं. ज्याला चांगले मार्क तो आत. त्याच्यापेक्षा दोन टक्के कमी पडले, तर बी.एस्सी. कर, डिप्लोमा कर, नाहीतर शेतात ये.

ज्यांच्या घरी पैसे होते त्यांनी तिसरा रस्ता शोधला. गाडी पकडून कर्नाटक! मणिपालचं इंजिनिअरिंग कॉलेज १९५७ पासून सुरू होतं. बेळगाव, हुबळी जवळच. तिथल्या खासगी कॉलेजांत कॅपिटेशन फी, म्हणजे आपल्या भाषेत डोनेशन, भरून प्रवेश मिळायचा. मराठी मुलं, मराठी पैसा, कॉलेज मात्र शेजारच्या राज्यात.

दादांचा निर्णय

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले. हे तेच वसंतदादा, जे जुलै १९४३ मध्ये साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले होते. स्वतःचं शालेय शिक्षण फारसं नाही. आयुष्य स्वातंत्र्यलढ्यात आणि नंतर सहकारात गेलं. या माणसाच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली.

विनाअनुदानित म्हणजे काय? साध्या भाषेत: परवानगी सरकारची, पैसा सरकारचा नाही. संस्थेने कॉलेज काढायचं, खर्च फीमधून भागवायचा.

बाजूने युक्तिवाद सरळ होता. आपली पोरं कर्नाटकात जाऊन पैसे भरतातच ना? मग ती इथेच शिकू द्या. तिजोरीत एवढी कॉलेजं काढायला पैसा नाही. विरोधातला युक्तिवादही तितकाच सरळ होता. आज इंजिनिअरिंगची जागा विकली जाईल, उद्या सगळंच शिक्षण विकलं जाईल.

आणि मग धडाधड कॉलेजं निघाली. पुण्यातलं एमआयटी, पीआयसीटी, विश्वकर्मा आणि भारती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज. कोल्हापूरचं केआयटी. नगर जिल्ह्यात लोणीला प्रवरेचं कॉलेज. ही सगळी एकाच वर्षातली, १९८३ ची. लोणीचं उदाहरण मुद्दाम बघा. जिथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, त्याच परिसरात आता इंजिनिअरिंग कॉलेज आलं. पुढे अशा संस्था चालवणाऱ्या नेत्यांसाठी "साखरसम्राट"च्या जोडीला "शिक्षणसम्राट" हा शब्द मराठीत रुळला. त्या शब्दात कौतुक किती आणि टोमणा किती, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

दरवाजा मोठा, बिल तुमच्या हातात

आता आपले तीन खांब आठवा. १९८३ ने पहिला खांब मजबूत केला. जागा वाढल्या. तालुक्याच्या गावातल्या, साठ-पासष्ट टक्केवाल्या मुलाला "इंजिनिअर होईन" असं म्हणता येऊ लागलं. ही छोटी गोष्ट नाही. आज जे टीकाकार आहेत त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरात पहिला इंजिनिअर याच कॉलेजांतून निघालाय.

पण त्याच वेळी दुसरा खांब सरकारने हळूच काढून घरच्यांच्या खांद्यावर ठेवला. बिल आता आई-बाबांचं. कुणी पीएफ काढला, कुणी दागिने गहाण ठेवले, कुणी रस्त्याकडेचा तुकडा विकला.

माझ्या मते घराघरातलं भांडण इथून बदललं. ज्या बापाने जमीन विकून चार वर्षांची फी भरली, त्याला मुलाने दुसऱ्या वर्षी "मला यात रस नाही, फोटोग्राफी करायची आहे" असं सांगितलं, तर तो काय ऐकतो? त्याला आवड ऐकू येत नाही, गेलेला एकर दिसतो. आपण याला जुन्या विचारांचे पालक म्हणून मोकळे होतो. पण त्या हट्टामागे पैशांचं गणित आहे आणि ते गणित मंत्रालयात ठरलेल्या एका धोरणातून आलंय. फी कमी असती तर चुकायची मुभाही जास्त असती. निवडीचं स्वातंत्र्य म्हणजे शेवटी काय, तर चुकीची निवड परवडण्याची ताकद.

डोनेशनचा गोंधळ इतका वाढला की सरकारला १९८७ मध्ये कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. परवानगी देऊन चार वर्षं होत नाहीत, तोवर लगाम! पण कागदावरची बंदी आणि ऑफिसच्या केबिनमधला व्यवहार या दोन वेगळ्या गोष्टी राहिल्या.

मग विषय सुप्रीम कोर्टात गेला. मेरठच्या एका विद्यार्थिनीला कर्नाटकातल्या खासगी मेडिकल कॉलेजने वर्षाला ६०,००० रुपये फी सांगितली, तर तिथेच सरकारी कोट्यातल्या जागेची फी होती २,००० रुपये. १९९२ मध्ये कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात मधला मार्ग निघाला: निम्म्या जागा फ्री सीट, निम्म्या पेमेंट सीट. तुमच्या काका-मामांच्या तोंडी "मला फ्री सीट मिळाली होती" हे वाक्य येतं ते इथून. २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशनच्या खटल्यात ११ न्यायाधीशांच्या खंडपीठाने ती योजना रद्द केली. संस्थांना फी ठरवायची मोकळीक दिली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन नको असंही सांगितलं. २००५ च्या इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या निकालात विनाअनुदानित कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही असं ठरलं. त्यावर संसदेने ९३ वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार पुन्हा सरकारकडे आणला.

दमलात ना वाचून? पण तुमच्या कॅप राऊंडचा ऑप्शन फॉर्म, फी ठरवणारं प्राधिकरण, मॅनेजमेंट कोटा, हे सगळं या ओढाताणीतूनच तयार झालंय.

आणि नोकरी?

तिसरा खांब राहिला. कॉलेजं निघाली, पण काम कुठे होतं? इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये, आपल्याकडे कॉलेजांना परवानगी मिळाली त्याच वर्षी, बेंगळुरूला गेली. याला योगायोग म्हणा, पण बोचरा आहे.

पुढे आयटीची लाट आली ती कुणाच्या वैयक्तिक आवडीमुळे नाही. केंद्राने १९८४ मध्ये कॉम्प्युटर धोरण सैल केलं, १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आली आणि निर्यातीला करसवलती मिळाल्या. तिकडे अमेरिकेने १९९० च्या कायद्याने एच-१बी व्हिसा सुरू केला. म्हणजे सांगलीच्या मुलाने मेकॅनिकल सोडून कोडिंग धरलं, तेव्हा त्याच्या "पर्सनल चॉइस"मागे मुंबई, दिल्ली आणि वॉशिंग्टन अशी तीन सरकारं उभी होती.

लाट ओसरली तेव्हा उलटंही दिसलं. २०१० नंतर राज्यात इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहू लागल्या. २०२० मध्ये एआयसीटीईने नवीन कॉलेजांना परवानगी देणंच थांबवलं आणि २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. जागा काढणं सरकारला सोपं गेलं, जागेपलीकडचं काम उभं करणं अवघड.

मुलींचं काय?

हा भाग न सांगता पुढे जाता येणार नाही. घरात एकाचीच फी भरता येत असेल तर ती बहुतेक वेळा मुलाची भरली गेली. मुलीची "मर्जी" विचारायची वेळच आली नाही. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने पुण्यात फक्त मुलींसाठी कमिन्स कॉलेज काढलं, तेव्हा निदान "मुलांच्या कॉलेजात कशाला?" हे कारण संपलं. बिलाचा प्रश्न तसाच होता. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला: आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी माफ. आधी ही सवलत निम्मी होती. म्हणजे ईबीसीच्या काळातला बिलाचा खांब, निदान काही मुलींसाठी, सरकारने पुन्हा खांद्यावर घेतला.

मग मर्जी कुणाची?

सुरुवातीची दोन वाक्यं आता परत वाचा. "सरकारचा काय संबंध?" असं म्हणणाऱ्याने १८५४ आणि १९८३ बघावं. "सगळं सरकारनेच करावं" म्हणणाऱ्याने रिकाम्या जागा बघाव्यात. आणि "मी माझ्या मेहनतीवर आलो" म्हणणाऱ्याने, मेहनत केली हे मान्यच, पण आपल्या वेळी जागा कुणी काढली आणि बिल कुणी भरलं, एवढं आठवावं.

पुढच्या वेळी कुठलंही करिअर निवडताना, मग ते एमपीएससी असो, एआयचा कोर्स असो किंवा २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी झालेल्या करारानंतर चर्चेत आलेलं तिकडचं काम असो, तीन प्रश्न विचारा. जागा कोण काढतंय? बिल कोण भरतंय? आणि शिकून झाल्यावर काम कोण देणार आहे? तिन्हीची उत्तरं मिळाली तर आवडीबद्दल घरात शांतपणे बोलता येईल. एकाचंही मिळालं नाही, तर भांडण बाबांशी नाही, आधी त्या प्रश्नाशी करा.

या रविवारी एक काम करा. घरातल्या सर्वात मोठ्या माणसाला विचारा, "तुमच्या शिक्षणाची फी कुणी भरली होती?" उत्तर आमच्यापर्यंत नक्की पोहोचवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यातली काही वाचून दाखवू. भेटूया!