सामाईक पण विभेदित जबाबदारी

पर्यावरणाचे रक्षण हे सर्व राष्ट्रांचे कर्तव्य असले, तरी त्याचा भार प्रत्येकाने आपण केलेल्या प्रदूषणाच्या व कुवतीच्या प्रमाणात उचलावा, असे आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्यातील तत्त्व. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यात आणि त्याच वर्षीच्या हवामान बदलविषयक करारात ते नमूद झाले. कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग वातावरणात शतकानुशतके टिकतो. म्हणून आजच्या तापमानवाढीचा हिशेब औद्योगिक क्रांतीपासूनच मांडावा लागतो. भारतीय पर्यावरण-अभ्यासक अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये दरडोई उत्सर्जनाचा मुद्दा ठामपणे मांडला. त्यांच्या मते गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत तोलणे अन्याय्यच होय. क्योटो करारात (१९९७) उत्सर्जनकपातीचे बंधन केवळ विकसित देशांवर होते. अमेरिकेने त्यास अंतिम मान्यता दिलीच नाही. पॅरिस करारात (२०१५) प्रत्येक देश आपले उद्दिष्ट स्वतः ठरवतो. विकसनशील देशांच्या हवामानविषयक कामासाठी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभारण्याचे श्रीमंत देशांचे वचन २०२२ मध्ये पुरे झाले, तेही बव्हंशी कर्जरूपाने. चीन आज सर्वांत मोठा उत्सर्जक असल्याने विकसित व विकसनशील देश ही १९९२ ची विभागणी मात्र अपुरी पडते.